रान कुणाचे, राखण कुणाची

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र अवघे २९.१२ चौरस किलोमीटर. पण मालवणच्या मच्छीमारांनी त्याला जो विरोध सुरू केला, तो पुढे कित्येक वर्षे विझला नाही. कार्यालयीन टिपणांत अशा गोष्टीची नोंद 'स्थानिकांचा विरोध' एवढ्या दोन शब्दांत होते आणि उपायाच्या रकान्यात 'जनजागृती' असे लिहून फाइल पुढे सरकते. आता याच किनाऱ्याची दुसरी बाजू पाहा. यांत्रिक नौकांवरची पर्ससीन जाळी मासळीची अख्खी झुंड घेरून उचलू लागली, तेव्हा तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले ते हेच पारंपरिक मच्छीमार. पिल्लू मासळी जाळ्यात मरते, पैदास खुंटते, पोराबाळांच्या वाट्याला रिकामा समुद्र येईल, अशी त्यांची भाषा होती. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला, त्यामागे या मंडळींनी वर्षानुवर्षे लावून धरलेली मागणी होती. प्रखर एलईडी दिवे सोडून मासळी गोळा करण्याविरुद्धची त्यांची ओरड त्यानंतरही चालूच राहिली. संवर्धनाला विरोध करणारी माणसे आणि संवर्धन मागणारी माणसे एकच होती, हे त्या टिपणांत कुठे सापडत नाही.

यात गूढ काही नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ही मासेमारीची जुनी रीत आहे. होडीतून अर्धवर्तुळात लांबलचक जाळे सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके वाळूत उभे राहून माणसांनी ओढायची. जाळ्याचे तुकडे वेगवेगळ्या घरांचे, म्हणून मासळीचे वाटेही त्या त्या घरांचे. कुणी कधी, कुठे जाळे टाकायचे याची वहिवाट ठरलेली. असा समाज 'समुद्र राखा' म्हटल्याने बिथरत नाही. समुद्र कुणी राखायचा, हे त्याला न विचारता ठरले की बिथरतो. अभयारण्याच्या नकाशावरची रेघ त्याच्या वहिवाटीवरून गेली आणि ती ओढताना त्याला कुणी बोलावले नव्हते. पर्ससीनबंदी ही त्याची स्वतःची मागणी होती. सार्वजनिक जमिनी आणि पाणी राखण्यासाठी लोकांचा पाठिंबा कसा उभा करायचा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा प्रचाराचा म्हणून मांडला जातो. पत्रके, पथनाट्ये, शाळेतली चित्रकला स्पर्धा, ५ जूनचे वृक्षारोपण. महाराष्ट्र आणि गोव्यातला गेल्या पन्नासेक वर्षांचा पुरावा एकत्र मांडला तर हा प्रश्न मुळात अधिकाराचा आहे असे दिसते. ज्याला ठरवता येते तो राखतो. ज्याला फक्त ऐकवले जाते तो फार तर ऐकून घेतो.

आपल्या रोजच्या बोलण्यात या अडचणीची खूण आहे. 'सार्वजनिक जमीन' हे भाषणातले शब्द झाले. गावात म्हणतात 'सरकारी जमीन', आणि त्या उच्चारात 'आपली नव्हे' हे गृहीत असते. पूर्वी तसे नव्हते. गायरान, कुरण, देवराई, पाणवठा, पांद, खळवाडी या शब्दांतून जागेबरोबर तिचा वापर आणि वापरणाराही कळतो. विदर्भात 'निस्तार' हा शब्द आहे. जळण, गवत, घराची लाकडे, बांबू, गुरांची चराई या गावाच्या गरजा आणि त्या भागवण्याचा हक्क, दोन्ही त्यात आले. हे हक्क निस्तारपत्रकात लिहून ठेवलेले असत. १८७८ च्या वन कायद्याने इंग्रजांनी जंगले राखीव करायला सुरुवात केली, तेव्हा या हक्कांची सवलत झाली आणि पुढे सवलतीचा गुन्हा. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्याने डोंगर आणि गायराने गिळल्याची तक्रार आहे. पर्यावरण हा शब्दही तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पण कुरण गेले म्हणजे गुरे गेली, गुरे गेली म्हणजे शेणखत गेले आणि शेत बसले, ही साखळी त्यांना स्वच्छ दिसत होती. स्वातंत्र्यानंतर खात्याची पाटी बदलली, सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन' आले. तुटलेला संबंध जोडण्याचे काम मात्र कुणाच्या कार्यकक्षेत नव्हते.

संमती न घेता राखायला गेले की काय होते, याचे सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाचे उदाहरण सोलापूरकडे आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली शेकडो गावे, पिकाखालची खासगी शेते, वस्त्या, सगळे त्या रेघेच्या आत. प्रत्यक्ष गवताळ माळ आणि वनखात्याची जमीन म्हणजे त्यातले तुकडे. जमिनीचा व्यवहार असो की बांधकाम, अभयारण्याची आडकाठी जागोजाग आली, आणि पक्षी कधी न पाहिलेल्या माणसाच्याही तोंडी त्याचे नाव आले ते शिवीसारखे. अखेर हे क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणावे लागले. तोवर माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते आणि आता तर त्याचे दर्शन हीच बातमी होते. याचे खापर केवळ संमतीच्या अभावावर फोडणे बरोबर नाही. कालव्याचे पाणी आले, माळावर ऊस आणि फळबागा चढल्या. झाड नसलेली जमीन म्हणजे पडीक, या समजुतीपायी खुद्द वनखात्यानेच माळांवर झाडे लावली. पण हे सगळे घडत असताना माळाच्या बाजूने बोलायला गावात कुणी उरले नव्हते. मेंढरे घेऊन फिरणारा धनगर बोलू शकला असता. चराईवरच्या निर्बंधांनी त्यालाच अगोदर बाहेर काढले होते.

याच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) उभे आहे, आणि इथे जरा थांबणे भाग आहे, कारण या गावाचे नाव घोषणेपुरते सगळ्यांना ठाऊक असते. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही ती घोषणा. शंभरेक घरांचे हे गोंड गाव. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले, त्यात या भागातले लोक पहिल्यांदा एकत्र आले. त्यानंतर गावाने सागाची लाकडे आणून घोटुल, म्हणजे गोंडांचे युवागृह, बांधले, वनखात्याने ते बेकायदा ठरवून पाडले, आणि मग मेंढ्यासह आसपासच्या गावांनीही घोटुले उभारली. म्हणजे पहिली ठिणगी झाडे वाचवण्याची नव्हती, झाडे वापरण्याच्या हक्काची होती. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने गावात अभ्यासगट सुरू झाले. कायदा काय म्हणतो, मध कसा काढावा म्हणजे पोळे टिकेल, बांबू कधी तोडावा, यावर बसून बोलायचे आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असेल तर थांबायचे. शहरी माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटेल. पण जो नियम सगळ्यांनी मिळून केला, तो मोडणारा शोधायला पहारेकरी लागत नाही, हे या पद्धतीचे गणित आहे.

२००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा या गावाकडे वीस वर्षांचा सराव होता. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काचा दाखला मिळाला. देशातल्या पहिल्या अशा दाखल्यांपैकी तो एक. त्यानंतरही बांबू हे गौण वनोपज की इमारती लाकूड, यावर घोडे अडले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवत आहे, १९२७ च्या कायद्याच्या दृष्टीने २०१७ पर्यंत तो वृक्ष होता. वाहतुकीचा परवाना द्यायचा कुणी, एवढ्याशा मुद्द्यावर हक्क कागदावर अडकून पडला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एका पावतीपुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला आडगावी यावे लागते, यात आपल्या व्यवस्थेबद्दल जे समजायचे ते समजते. पुढे ग्रामसभेने स्वतःच्या नावाचे पॅनकार्ड काढले, बांबूचा लिलाव स्वतः केला, मजुरी दिली, हिशेब मांडला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने आणखी एक पाऊल टाकले. २०१२ मध्ये हजारेक हेक्टरचा दाखला मिळाल्यावर या गावाने तेंदूपाने तोडणेच सोडून दिले. तेंदूचा हंगाम म्हणजे हमखास रोख पैसा. पण चांगली पाने यावीत म्हणून फांद्या छाटतात, जंगलाला आगी लावतात, आणि त्यात बाकीची रोपे जळून जातात. गावाने बांबूच्या उत्पन्नावर भिस्त ठेवली आणि जंगलाचा एक तुकडा पूर्ण राखून ठेवला, जिथून कुणी काही आणायचे नाही. हा त्याग कुठल्या प्रचारामुळे घडला नाही. पाने तोडल्याने आपले किती आणि न तोडल्याने आपले किती, हा हिशेब पहिल्यांदाच गावाच्या हातात आला होता.

लगेच आक्षेप येतो की दोन गावांवरून सिद्धान्त बांधू नये. बरोबर आहे. सामूहिक वनहक्कात महाराष्ट्र देशात आघाडीवर मानला जातो, दाखले हजारोंनी मिळाले आहेत, आणि त्यातली सगळी गावे मेंढा नाहीत. कुठे तेंदूचा ठेकेदार सांगेल तशी ग्रामसभा चालते. कुठे हिशेबावरून भांडणे आहेत. कुठे दाखला तिजोरीत आहे आणि व्यवस्थापनाचा आराखडा तयारच झालेला नाही. हक्क मिळाला की राखण आपोआप सुरू होते, असा दावा कुणी करत असेल तर तो भाबडा आहे. हक्काने राखणीची शक्यता तयार होते, एवढेच. पण उलट बाजूचा दावा तपासला तर तो याहून लंगडा निघतो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले की सामायिक कुरण अटळपणे ओरबाडले जाते, आणि तेव्हापासून त्या निबंधाचा आधार घेऊन सामायिक जमीन एक तर सरकारजमा करा, नाही तर खासगी करा, असा सल्ला दिला गेला. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरची सामायिक जंगले, कालवे आणि मासेमारीची क्षेत्रे तपासून दाखवले की वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले नियम, नियम मोडणाऱ्याला झेपेल अशी शिक्षा आणि बाहेरच्या सत्तेची मान्यता असेल तिथे सामायिक साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, मेंढ्याला दाखला मिळाला त्याच वर्षी. योगायोग, पण चांगला.

पाण्याच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव जास्त वैविध्याचा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून सुरू केलेल्या पाणी पंचायतीने एक धाडसी तत्त्व मांडले. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या संख्येने द्यायचे, माणशी अर्धा एकर भिजेल एवढे. भूमिहीनालाही वाटा. ऊस कुणीच लावायचा नाही. बंधारा आपला का म्हणायचा, याचे उत्तर त्यात भूमिहीनाकडेही होते. याच्या शेजारी पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा ठेवून पाहा. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा दोन वर्षांत ७५ तालुक्यांत गेली. एप्रिल-मेच्या उन्हात हजारो माणसे टिकाव-फावडी घेऊन चर खोदत होती आणि शहरांतून श्रमदानाला गाड्या भरून येत होत्या. लोकसहभाग कसा उभा राहतो याचा हा नमुनाच, आणि त्याला नाके मुरडणे कृतघ्नपणाचे होईल. पण साठवलेले पाणी कुणी किती उपसायचे, हा प्रश्न श्रमदानाच्या उत्साहात मागे राहतो. सगळ्यांनी मिळून जिरवलेले पाणी ज्याची विंधनविहीर खोल त्याच्या शेतात जाते. हिवरे बाजारने शेतीसाठी विंधनविहिरी नकोत, उसाला पाणी नको, असे निर्बंध स्वतःवर घातले, म्हणून तिथले पाणी टिकले. खोदण्यापेक्षा ही बंधने पाळणे अवघड, आणि त्यांचा फोटो निघत नाही.

भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव, लोकांच्या भाषेत मामा तलाव, ही या आढाव्यातली सर्वांत दुर्लक्षित बाब. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले हे तलाव हजारोंच्या संख्येत आहेत. मालगुजारी संपली आणि ते सरकारकडे गेले. गाळ काढायचा कुणी, पाळ दुरुस्त करायची कुणी, याचे जुने करार मोडले. तलाव उथळ झाले, बेशरमाची झुडपे माजली, आणि पाण्यातल्या ज्या वनस्पतींत मासळी अंडी घालते त्याच नाहीशा झाल्या. गेल्या काही वर्षांत काही तलावांवर ढिवर समाजाच्या स्त्रियांनी उन्हाळ्यात बेशरम उपटून, तलावाच्या तळाशी नांगरट करून, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठली वनस्पती किती पाण्यात येते, कोणता मासा कुठे अंडी घालतो, कोणता पक्षी काय खातो, हे ज्ञान त्यांच्याकडे होतेच. मासळी वाढली, पक्षी आले. यात 'जनजागृती' कुणी कुणाची करायची होती? मात्र तलावावर मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेच्या नावाने असतो, आणि संस्थांच्या सभासदांच्या यादीत स्त्रियांची नावे शोधावी लागतात. राबणारी एक आणि कागदावर दुसरा, अशी फट जिथे आहे तिथे राखण केव्हाही कोलमडू शकते.

इथवरचे विवेचन वाचून एखाद्या मराठवाड्यातल्या वाचकाला राग येईल, आणि तो रास्त असेल. 'गावाने राखावे' म्हणताना गाव म्हणजे कोण? गायरान ही गावाची सामायिक जमीन, पण गावाचा सामायिकपणा वेशीपाशी संपत होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते पडीक आणि सरकारी जमिनी कसायला मिळाव्यात म्हणून. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने गायरान कसणाऱ्या दलितांची बाजू लढवली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले, आणि तरीही असंख्य कुटुंबांच्या हाती सातबारा आला नाही. अशा स्थितीत २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. पर्यावरणाच्या वर्तुळात या निकालाचे स्वागत झाले. खरे तर भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्या निकालातच आहे. पण तो वाचतो कोण? महाराष्ट्रात २०२२ मध्ये उच्च न्यायालयापुढे गायरानांवरची दोन लाखांवर अतिक्रमणे आली आणि नोटिसा निघाल्या, तेव्हा धडकी भरली ती झोपडीवाल्याला आणि एक-दोन एकर कसणाऱ्याला. गायरानावरचा साखर कारखान्याचा रस्ता किंवा पुढाऱ्याची शिक्षणसंस्था यांना तशी धडकी भरल्याचे ऐकिवात नाही.

यावर सोपे उत्तर नाही, आणि आहे असे दाखवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गायरान नांगरले की कुरण जाते, आणि कुरणावर ज्यांची गुरे, शेळ्या जगतात तेही बहुधा गरीबच असतात. चराईबंदी-कुऱ्हाडबंदीच्या आदर्श गावांतही पहिली झळ शेळीवाल्या भूमिहीन घराला बसते आणि वाढलेले गवत दुभत्या गाईवाल्याच्या गोठ्यात जाते. एवढे मात्र म्हणता येते की ज्यांना सामायिक जमिनीतून कधीच काही मिळाले नाही, त्यांच्याकडून ती राखण्याच्या आणाभाका मागणे निरर्थक आहे. पाणी पंचायतीने भूमिहीनाला वाटा दिला तो दयेपोटी नव्हता. वाटा नसलेला माणूस बंधारा का राखील, हा व्यवहाराचा प्रश्न होता. गायरानाबाबतही कसणाऱ्यांचे जुने हक्क एकदाचे नोंदवून, उरलेल्या कुरणाच्या व्यवस्थेत त्यांना पहिल्या रांगेत बसवल्याशिवाय 'गायरान वाचवा' ही हाक गावाच्या निम्म्या भागात ऐकूही जाणार नाही.

शहरांचा प्रकार वेगळा. तिथे उपजीविकेचा संबंध नसतो, तरी पाठिंबा उभा राहतो आणि जोरकस असतो. आरेतल्या मेट्रो कारशेडसाठी ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री झाडतोड सुरू झाली तेव्हा मुंबईकर रातोरात तिथे पोहोचले, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांवर झाडे पडली होती. कारशेड पुढे कांजूरमार्गला गेली आणि सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये आरेतच परतली. गर्दीचा पाठिंबा सरकारच्या आयुष्याएवढा टिकतो, असा त्याचा एक अर्थ. मेट्रोही पर्यावरणाच्याच हिताची आहे, हा प्रतिवादही खोटा नव्हता, म्हणून कौल दुभंगलेला राहिला. गोव्यात मोलेच्या अभयारण्यातून रेल्वेचे दुपदरीकरण, उच्चदाबाची वीजवाहिनी आणि रुंद महामार्ग नेण्याला २०२० च्या टाळेबंदीत मान्यतेची घाई झाली. तिथली चळवळ तरुण चित्रकार, वकील, संशोधकांनी उचलली, पण तिला बळ आले ते १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री, चांदोरच्या रेल्वेरुळांवर हजारो माणसे बसली तेव्हा. त्यांतल्या पुष्कळांनी मोलेचे जंगल पाहिलेही नसेल. त्यांच्या अंगणाला लागून रूळ होते आणि त्या रुळांवरून कोळसा जात होता. जंगलाचा प्रश्न आणि अंगणाचा प्रश्न एकाच रुळावर आले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची वन्यजीव मान्यता रद्द केली.

शहरी पाठिंब्याची एक काळी बाजूही लिहून ठेवली पाहिजे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान वाचवण्यासाठी झालेल्या याचिकेवर १९९७ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि उद्यानाच्या हद्दीतल्या हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. उद्यान वाचले हे खरे, आणि ते कुणाच्या घरांवरून वाचले हेही. त्याच उद्यानात २००४ च्या सुमारास बिबट्यांचे हल्ले टोकाला पोहोचले. इतरत्र पकडलेले बिबटे आणून सोडण्याने प्रश्न चिघळतो, असे विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांच्या कामातून दिसले. २०११ पासून उद्यान प्रशासनाने पाड्यांतले लोक, पोलीस, पत्रकार यांना सोबत घेऊन कचरा, दिवे, रात्रीची वर्दळ, असल्या साध्या गोष्टींवर काम केले. बिबट्याला पिंजरा लावा, हा आग्रह कमी झाला. इथे माहिती देण्याचा उपयोग झाला, कारण ऐकणाऱ्याच्या हाती लगेच करण्यासारखे काही होते.

आता सर्वांत अवघड आक्षेप. ज्या जिवापासून कुणालाच उत्पन्न नाही, उलट तोटाच आहे, त्याच्या बाजूने कोण उभे राहील? हक्क आणि वाटा यांची भाषा तिथे थिटी पडते की काय? काही अंशी पडते. माळढोकाने शेतकऱ्याला काय दिले, या प्रश्नाला उत्तर नाही, आणि अशा जिवांसाठी शेवटी सरकारलाच पदर मोडावा लागेल. मात्र तो कसा मोडावा, हे किनाऱ्यावर पाहायला मिळते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कोल्ही-कुत्री. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावातल्याच माणसांना सोबत घेतले. पहाटे किनारा तुडवायचा, वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखी उमटलेली कासविणीची वाट शोधायची, खड्ड्यातली शंभरावर अंडी हलक्या हाताने काढून कुंपणाच्या आतल्या तशाच खोल खड्ड्यात ठेवायची. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघाली की टोपलीखालून वाळूवर सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे दोरीमागे उभे राहून पिल्ले समुद्राकडे जाताना पाहू लागले, रात्री गावातल्या घरांतून उतरू आणि जेवू लागले. अंडी चोरण्यापेक्षा अंडी राखणारा गावात मानाचा झाला. डिसेंबर २०१८ पासून राज्यात आणखी एक योजना आहे. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्कसारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर चित्रीकरण दाखवून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. रक्कम मोठी नाही. पण जाळे कापण्याचा तोटा एकट्या मच्छीमाराने का सोसावा, हा प्रश्न त्यात मान्य झाला आहे. पर्यटनाच्या पैशावर सगळे तोलायला जाऊ नये, कारण पाहुणे एका मोसमात येतात आणि साथीच्या वर्षी येत नाहीत. पण माळावर १९७९ मध्ये यातले काहीच केले गेले नव्हते.

श्रद्धेने राखलेल्या देवरायांचा दाखला या चर्चेत हटकून दिला जातो. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हापासून देवराई हा आपल्या अभिमानाचा विषय झाला. पण देवाच्या धाकाने पान न तोडणारे गावच आज देवाचे मंदिर सिमेंटचे करण्यासाठी तीच झाडे विकते. भक्ती कमी झालेली नाही. तिचा पत्ता झाडावरून कळसावर गेला.

राहता राहिला पश्चिम घाट. घाटासाठी केंद्राने नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, तो केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दाबून ठेवला आणि केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यावर २०१२ मध्ये बाहेर आला, तोही इंग्रजीत. संवेदनशील क्षेत्राच्या सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात, असे त्यात म्हटले होते. ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्यापर्यंत अहवाल पोहोचलाच नाही. अफवा पोहोचल्या, घर बांधता येणार नाही, गाय पाळता येणार नाही. केरळात २०१३ मध्ये जाळपोळ झाली. त्याच अहवालात सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ठरावांची नोंद आहे, आमची गावे पर्यावरण-संवेदनशील म्हणून जाहीर करा असे सांगणाऱ्या. खाणी दारात आलेल्या त्या गावांना संवर्धन कुणी पटवून द्यावे लागले नव्हते. नंतरच्या कस्तुरीरंगन समितीने सीमा उपग्रहाच्या चित्रांवरून आखल्या, आणि दोडामार्ग तालुका यादीबाहेर राहिला. ज्यांनी मागितले ते वगळले गेले, ज्यांनी मागितले नव्हते अशा गावांची नावे यादीत आली. प्रकरण न्यायालयात गेले. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या गावांबाबत चार महिन्यांत अधिसूचना काढण्यास केंद्राला सांगितले. ३१ जुलै २०२४ रोजी संपूर्ण पश्चिम घाटासाठीचा मसुदा निघाला, २०१४ पासूनचा सहावा. हरकती आणि सूचनांसाठी मुदत साठ दिवसांची होती. त्या साठ दिवसांत कोकणात भाताची बेणणी होती आणि गणपती होते.